घरातील परवान्याची बंदूक : साफसफाई, साठवण आणि खबरदारी

मृग लागण्याआधी आठ-पंधरा दिवस आमच्या कापडाच्या दुकानात एक वेगळे गिऱ्हाईक येते. त्याला साडी नको असते, शर्टपीस नको असतो. "शेठ, बंदूक पुसायला एखादे मऊ फडके द्या," एवढेच त्याचे मागणे असते. कोणी गोदाकाठचा ऊसवाला शेतकरी असतो, कोणी आडत्या असतो, तर कोणी बँकेच्या दारावरचा पहारेकरी असतो. आम्ही चिंध्यांच्या गाठोड्यातून तुकडा काढून देतो. त्याचे पैसे घेत नाही. परंतु चार गोष्टी विचारल्या की लक्षात येते, यातील पुष्कळांना बंदूक चालवता येते पण तिची निगा राखता येत नाही. कोणी नळीत खोबरेल ओततो, कोणी रॉकेलने धुऊन तशीच पेटीत ठेवतो, तर कोणी परवान्याच्या नूतनीकरणाशिवाय तिला हातच लावत नाही.

आमच्या बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांचा विषय अलीकडे फार गाजला. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातील परवान्यांची छाननी सुरू झाली आणि २०२५ मध्ये अनेकांचे परवाने रद्द झाले. कोणाला बंदूक मिळावी आणि कोणाला मिळू नये, हा प्रशासनाचा प्रश्न आहे. त्यात आम्ही पडत नाही. ज्यांच्या घरात रीतसर परवान्याची बंदूक आहे, त्यांनी ती घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू नये म्हणून काय करावे, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत. आमच्या अब्बांकडे बारा बोअरची दुनळी होती. तिची साफसफाई करणे हे लहानपणी आमच्याकडे सोपवलेले काम होते. त्यामुळे हे ज्ञान पुस्तकी नाही.

कुंभारमाशीचे घर

प्रथम एक प्रसंग सांगतो. आमचे मामेभाऊ गेवराई तालुक्यात ऊस करतात. पीकसंरक्षणासाठी त्यांच्याकडे बंदुकीचा परवाना आहे. २०१९ साली लोकसभेच्या निवडणुकीआधी त्यांनी बंदूक जमा केली आणि विधानसभेची निवडणूक उरकेपर्यंत ती घरी आणलीच नाही. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात मराठवाड्यात किती अवकाळी पाऊस झाला, हे शेतकऱ्यांना आठवत असेल. बंदूक घरी आली त्याच रात्री उसात डुकरे शिरल्याची वर्दी आली. आम्ही नेमके त्या दिवशी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. मामेभाऊ काडतुसे घेऊन निघाले.

आम्ही म्हणालो, "आधी नळी बघा."

"भाईजान, दोनच बार हवेत टाकायचे आहेत. नळीत काय बघायचे?"

तरीही आम्ही बंदूक मोडून, म्हणजे मधून उघडून, कंदिलासमोर धरली. उजव्या नळीतून मळकट का होईना, पण उजेड दिसला. डाव्या नळीतून काहीच दिसले नाही. गज घालून हळूहळू ढकलला, तेव्हा वाळलेल्या मातीचे ढेकूळ बाहेर पडले आणि त्याबरोबर चार-पाच सुकलेले कोळी पडले. कुंभारमाशीने नळीत घर केले होते. ही माशी कोणत्याही कोरड्या भोकात ओल्या मातीचे घर बांधते, पिलांच्या अन्नासाठी त्यात कोळी भरते आणि तोंड लिंपून टाकते. त्या नळीतून बार काढला असता तर मामेभावांचा डावा हात राहिला नसता. यात चूक दुसऱ्या कोणाची नव्हती. तेल न लावता आणि तोंड न झाकता बंदूक जमा केली होती आणि घरी आल्यावर तपासली नव्हती. दोन्ही चुका घरच्याच होत्या.

नळी का फुटते?

बारा बोअर या शब्दाचा अर्थ पुष्कळांना माहीत नसतो. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. त्याच हिशेबाने पौंडात वीस गोळ्या बसल्या तर वीस बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते.

बार उडतो तेव्हा काडतुसाच्या घरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सातशे किलोपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो. मालट्रकच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या हा जवळजवळ शंभर पट झाला. हा दाब क्षणभरच टिकतो आणि छर्रे पुढे सरकतात तसा उतरत जातो. म्हणूनच नळी मागे जाड आणि पुढे पातळ केलेली असते. पुढे वाट अडली, मग ती मातीने असो, चिखलाने असो की अडकलेल्या चिंधीने, तर पातळ भागावर अचानक ताण येतो. नळी फुगते किंवा फाटते. त्याच जागी बंदूक धरणाऱ्याचा पुढचा हात असतो.

दुसरा अडथळा माणूस स्वतःच घालतो. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते घरात न थांबता पुढे घसरते आणि नळीत अडकते. खटका दाबला की बार होत नाही. माणसाला वाटते काडतूस घालायचे राहिले. तो मागून बाराचे काडतूस भरतो आणि बार काढतो. याचा परिणाम सांगायला नको. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात यासाठीच पडला आहे. घरात दोन मापांच्या बंदुका असतील तर काडतुसे एका डब्यात कधीही ठेवू नयेत.

काडतुसाच्या लांबीचेही तसेच आहे. जुन्या बंदुकांची घरे ६५ मिलिमीटरची, तर नव्यांपैकी पुष्कळांची ७० मिलिमीटरची असतात. लांब काडतूस आखूड घरात बसते, परंतु उडताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. घराची लांबी बहुधा नळीच्या खालच्या बाजूला कोरलेली असते. काडतुसाच्या डब्यावरही लांबी छापलेली असते. दोन्ही जुळवून पाहावीत.

साफ करण्याआधी

बंदूक साफ करताना बार उडाला, असे आपण ऐकतो. खरे तर बंदूक साफ करताना उडत नाही. भरलेली बंदूक रिकामी समजून हाताळली म्हणून उडते. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. पोरे-सोरे, पाहुणे आणि उत्सुक शेजारी यांना खोलीबाहेर काढावे.

२. नळीचे तोंड माणसाकडे, शेजारच्या भिंतीकडे किंवा स्वतःच्या पायाकडे करू नये. बोट चापापासून दूर ठेवावे. सेफ्टीवर विसंबू नये. जुन्या बंदुकीची सेफ्टी चापाला अडवते, घोड्याला अडवतेच असे नाही. बंदूक पडली तरी घोडा सुटू शकतो.

३. बंदूक उघडून दोन्ही घरे डोळ्यांनी पाहावीत आणि बोटाने चाचपावीत. काडतुसे काढून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावीत. टेबलावर बंदूक आणि काडतूस एकत्र असता कामा नये.

४. मागून पुढे उजेडाकडे पाहावे. संपूर्ण वर्तुळ उजळ दिसले पाहिजे.

ठासणीची बंदूक असेल तर जास्त सावध राहावे. ती मागून उघडत नाही, त्यामुळे भरलेली आहे की नाही हे दिसत नाही. टोपी निघालेली असली तरी आत दारू असू शकते. यावर जुना आणि साधा उपाय आहे. गज नळीत तळापर्यंत सोडावा आणि तोंडाशी येईल तेथे बोटाने खूण धरावी. मग तोच गज बाहेरून नळीला लावावा. त्याचे टोक टोपीच्या जागेपर्यंत पोहोचले तर बंदूक रिकामी आहे. चार बोटे आधीच थांबले तर आत ठासणी आहे. अशी ठासणी घरी उकरून काढण्याच्या भानगडीत पडू नये. ते परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचे काम आहे. अशी बंदूक नेतानाही आधी त्याला किंवा पोलीस ठाण्याला ती भरलेली असल्याचे सांगावे.

कापड कोणते घ्यावे?

हा आमच्या धंद्याचा विषय असल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो. टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर घेऊ नये. ते तेल पीत नाही, नुसते पसरवते. कोरा मांजरपाटही लगेच चालत नाही, कारण त्याला खळ असते. खळ असेपर्यंत कापड तेल किंवा ओल ओढत नाही. म्हणून मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन वाळवून मग वापरावा. सर्वांत चांगले फ्लॅनेल. त्याची लव नळीच्या बारीक खाचांतला मळ उचलते. जुनी सुती बनियनही उत्तम. कापड पांढरेच घ्यावे, म्हणजे किती मळ निघाला आणि कधी थांबावे हे कळते. बारा बोअरसाठी साधारण तीन इंचांचे चौकोनी तुकडे पुरतात. सुटे दोरे काढून टाकावेत. तुकडा नळीत जोर लावून घालावा लागत असेल तर तो मोठा आहे. अडकलेला तुकडा तसाच राहिला तर तोही कुंभारमाशीच्या मातीइतकाच घातक.

साफसफाईची रीत

दुनळी बंदुकीचा पुढचा लाकडी हात काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात. गज लाकडी किंवा पितळी असावा. लोखंडी सळईने नळीला चरे पडतात. गज नेहमी काडतुसाच्या घराच्या बाजूने घालून तोंडाकडे ढकलावा, म्हणजे मळ यंत्राच्या भागात येत नाही.

आधी एक कोरडा तुकडा फिरवावा. मग बंदूक साफ करण्याच्या द्रावणात भिजवलेला तुकडा फिरवून दहा मिनिटे थांबावे. त्यानंतर पितळी तारांचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार न्यावा. घराच्या पुढे जेथे नळी निमुळती होते, तेथे आणि तोंडाजवळच्या आवळलेल्या भागात, ज्याला चोक म्हणतात, शिसे आणि प्लास्टिकचा थर जास्त बसतो. मग तुकडा पांढरा निघेपर्यंत कोरडे तुकडे फिरवावेत. शेवटी दोन-तीन थेंब तेलाचा तुकडा फिरवून वर आणखी एक जवळजवळ कोरडा तुकडा फिरवावा. तेलाचा थर दिसता कामा नये, बोटाला जाणवला म्हणजे पुरे.

यंत्राच्या भागात जुन्या दातांच्या ब्रशने धूळ काढावी. बिजागिरीच्या खिळ्यावर ग्रीसचा बारीक ठिपका द्यावा. आतले घोडे आणि कमानी घरी खोलू नयेत. पुढच्या वेळी बार काढण्याआधी नळीतले तेल कोरड्या कापडाने पुसून घ्यावे.

काळी दारू वापरणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला हा उपाय पुरत नाही. रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच तिला हात लावावा. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. ती तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून अशी नळी त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने, मग स्वच्छ गरम पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि नंतर तेल द्यावे. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोप्यांतही पोटॅशियम क्लोरेट असे. त्यातून मिठासारखा क्षार नळीत राही. म्हणून आमचे अब्बा बारा बोअरच्या बंदुकीलाही आधी गरम पाणी दाखवत. तेव्हा आम्हाला ते उलटे वाटे. त्याचे कारण पुढे समजले.

तेल कोणते?

करडई आणि जवस ही आपल्या भागातील घरगुती तेले. हवेत राहिली की ती वाळतात आणि चिकट पापुद्रा धरतात. ती यंत्रात गेली की घोडा जड चालतो. खोबरेल तर बीडच्या हिवाळ्यात थिजते. खाण्याचे कोणतेही तेल लोखंडाला लावू नये. बंदुकीचे तेल मिळाले तर उत्तम. नाही तर शिंपीबांधव शिलाई मशीनला घालतात ते पातळ तेल चालते. पावसाळ्यात मात्र ते लवकर उडून जाते, म्हणून वारंवार लावावे लागते.

रॉकेल मळ काढते, पण गंजापासून राखत नाही. उलट असलेले तेल धुऊन टाकते. वापरलेच तर उघड्या हवेत, विडी-सिगारेट आणि चुलीपासून दूर वापरावे आणि नंतर तेल द्यावेच.

जवसाचे तेल लाकडी दस्त्याला मात्र चांगले. बोटाने अगदी थोडे चोळावे आणि उरलेले पुसून घ्यावे. येथे कापडवाल्यांनी आणि सुतारबांधवांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर तेल वाळताना उष्णता निर्माण होते. ती कोंडली गेली की चिंध्या काडी न लावता पेट घेतात. आमच्यासारख्याच्या दुकानात किंवा गोदामात असा एक बोळा सगळा माल घेऊन जाईल. अशा चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

गंज आणि शिकलगार

आपल्याकडील शिकलगार हा शब्द 'सैकल' यावरून आला. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तेथे सैकल म्हणजे झिलई, चकाकी, असा अर्थ शिकवीत. हत्यारांना झिलई देणारा तो सैकलगर. महाराष्ट्रातील ही मुस्लिम कारागिरांची जुनी जमात. आज त्यातील पुष्कळजण कात्र्या-सुऱ्यांना धार लावणे आणि किल्ल्या बनवणे यावर गुजराण करतात. हात कुशल आहे, यात शंका नाही. आमच्या दुकानातील कात्र्या त्यांच्याच हाताखालून जातात.

परंतु आता बंदूक त्यांच्याकडे किंवा गावच्या लोहाराकडे देता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ओळखीच्या माणसाने "एवढा घोडा ठीक करून दे" म्हटले आणि शे-दोनशे रुपयांसाठी काम घेतले, तर कारागिराचे घर उद्ध्वस्त होईल. कारागीरबांधवांनी अशा वेळी स्पष्ट नकार द्यावा आणि मालकांनी त्यांना अशा संकटात घालू नये. गंजलेले तोंड करवतीने कापून नळी आखूड करणे हाही विनापरवाना केल्यास गुन्हा आहे.

वरवरचा तांबूस गंज असेल तर तेल लावून एक दिवस ठेवावे आणि जाडसर कापडाने चोळावे. पॉलिशपेपर लावू नये. नळीवरचा काळानिळा रंग हे रोगण नसून गंजाला अडवणारा पातळ थर असतो. तो घासला गेला की गंज दुप्पट वेगाने चढतो. नळीत खड्डे पडले असतील, फुगवटा किंवा पोचा दिसत असेल, नळ्या बिजागिरीत हलत असतील किंवा सेफ्टी धरत नसेल, तर बंदूक वापरणे बंद करून परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवावी.

काडतूस उडाले नाही तर

चाप दाबूनही बार झाला नाही तर लगेच बंदूक उघडू नये. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे. कधी कधी दारू उशिरा पेटते. मग उघडून काडतूस बाजूला ठेवावे. आवाज फुसका आला, धक्का कमी जाणवला, तर दुसरा बार काढण्याआधी नळी रिकामी करून आरपार पाहावी. आतला गठ्ठा अडकलेला असू शकतो. ओलीने फुगलेले काडतूस ठोकून बसवू नये. खराब काडतुसे चुलीत किंवा विहिरीत न टाकता परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्यावीत.

ठेवायची कशी?

कातडी किंवा कापडी म्यान प्रवासासाठी असते, साठवणीसाठी नव्हे. त्यात ओल कोंडते. गोणपाटही तसेच. बंदूक कोरड्या, कुलपाच्या कपाटात, रिकामी ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या स्वतःजवळ ठेवाव्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांतही शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावरच आहे. बंदूक उभी ठेवल्यास तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याने पुसावी. हाताचा घाम लागला असेल तर त्याच दिवशी पुसावी.

निवडणुकीसाठी जमा करताना नेहमीपेक्षा थोडे जास्त तेल द्यावे. तोंडावर मलमलीचा तुकडा दोऱ्याने बांधावा, पण आत बोळा कोंबू नये. पावतीवर क्रमांक आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्यावी. परत आल्यावर आधी उघडून पाहावी आणि साफ करावी. बाकीचे नंतर.

कायद्याच्या दोन-तीन बाबी

२०१९ पासून एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे काळवीट आणि मोर यांना पूर्ण संरक्षण आहे आणि रानडुकरालाही वनविभागाच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. वडिलांच्या निधनानंतर त्यांची बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती ताबडतोब जमा करून वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. वडील हयात असताना, त्यांचे वय सत्तर झाल्यावर किंवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगल्यावरही वारसाला असा अर्ज करता येतो.

आमच्या अब्बांची बंदूक त्यांच्या पश्चात आम्ही जमा केली आणि परत मागितली नाही. दुकानाला आता तिची गरज नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी ती अवश्य बाळगावी, परंतु तिच्यासाठी दर पंधरवड्याला अर्धा तास काढावा. तो निघत नसेल तर परवाना परत करणे बरे. आणि फडके लागले तर आमच्याकडे यावे. पूर्वीप्रमाणेच त्याचे पैसे पडणार नाहीत. देण्याआधी मात्र आम्ही एकच प्रश्न विचारू : नळी उघडून पाहिली का?